सातव्या गाण्याची तक्रार

चारठाण्याच्या बन्सीधरनं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या मागं गाण्यात घालवलं. मिसरूड फुटलं तेव्हापासून तो भजनी मंडळात, आणि जागा कायमची ठरलेली: मागच्या रांगेत, खांबाला टेकून, हातात टाळ. पुढच्यानं ओळ म्हणायची आणि ह्यानं ती उचलून धरायची. आता उचलून उचलून माणूस दमतो की नाही? पन्नाशी उलटली आणि एका सकाळी बन्सीधरनं घरात जाहीर केलं, "आता ओळ मपली, चाल मपली, आवाज बी मपलाच. उचलायची त्यानं उचलावी, न्हाई तर राहू द्यावी तितंच."

त्याची बायको धुरपताबाई भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "उचलायचंच हाय तर ती कडब्याची पेंढी उचला आदी. म्हैस वरडायलीय."

गाणी त्याला विहिरीवर सुचायची. मोटर चालू करायला जायचं, लाईट नसायची, मग लाईटची वाट बघत तिथंच बसायचं. दुसरं काम काय? सुचलेलं गाणं तो लाईट येईपर्यंत पाठ करायचा, आणि लाईट कधीच वेळेवर येत नसल्यामुळं पाठांतर चांगलं पक्कं व्हायचं. अशी नऊ गाणी झाली. शब्द त्याचे, चाल त्याची. नाव ठेवलं 'काळजातलं कारंजं'. चारठाण्यात कारंजं कुणी बघितलंय म्हणाल, तर कुणीच नाही. पण नाव ऐकून माणूस गप्प व्हायचा, आणि बन्सीधरला तेवढं पुरेसं होतं.

रेकॉर्डिंग देवगाव फाट्यावर झालं. तिथं माऊली नावाचा गडी राहतो. लग्नसराईत त्याचा डीजे चालतो, आणि लग्नं नसली की मोबाइलच्या दुकानामागच्या खोलीत स्टुडिओ. आवाज घुमू नये म्हणून त्यानं चारी भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. बन्सीधर पडला माळकरी. आत पाऊल टाकलं आणि तो दारातच थबकला.

"माऊली, हे काय रे बाबा?"

"काका, रिकामे हायत ते."

"रिकामे हायत रे, पर वास तर गेला न्हाई की त्यायचा."

शेवटी तोंडासमोरच्या ट्रेवर स्वतःचं उपरणं टांगून त्यानं गायला सुरुवात केली. माऊलीच्या मशीनला एकच सेटिंग होतं, मिरवणुकीचं. गाणं विरहाचं असो की भक्तीचं, मागून ढाण ढाण ढाण आणि वर घुमणारा इको. चौथ्या गाण्याला, 'वेदने, तू ये गं व्याकूळ वाघिणीवानी', दुसऱ्या अंतऱ्यात आवाज वर चढताना मधेच टरकन फाटला. बन्सीधर म्हणाला, पुन्हा घेऊ. माऊली म्हणाला, "काका, हीच तर फीलिंग हाय," आणि त्यानं नेमका त्या फाटलेल्या जागेवर इको वाढवला. मग तो आवाज एकदा फाटून थांबेना, चार-चारदा फाटायला लागला.

सातव्या गाण्याच्या वेळी लाईट गेली. मशीन बंद, पंखा बंद. माऊली घाम पुसत बसला आणि बन्सीधर अंधाऱ्या खोलीत नुसताच बसल्या बसल्या गुणगुणायला लागला, विहिरीवर गुणगुणायचा तसंच. माऊलीनं सहज मोबाइल पुढं धरला. ना ढाण ढाण, ना इको. गाणं साधंच होतं:

नवी नवरी आली रानात, बसली बाभळीखाली,
तांब्याभर पानी नेलं मी, घोट घोट प्याली.
पदर घेतला तोंडावर, अंग हाललं सारं,
हसली हसली म्हनून मला, रान वाटलं न्यारं.

अशी पुढं आणखी दोन कडवी. लाईट आल्यावर माऊली म्हणाला, "काका, हे लयच रिकामं रिकामं वाटायलंय, परत घेऊ का?" बन्सीधर म्हणाला, राहू दे.

ही नवरी कोण, हे काही सांगायला नको. लग्न होऊन धुरपताबाई पहिल्यांदा शेतात आली तो दिवस बन्सीधरनं मनात जपून ठेवला होता. संसारात भांडणं झाली, नापिकी झाली, मुलगी अर्पिता लग्न होऊन छत्रपती संभाजीनगरला गेली आणि घर सुनं झालं. पण बाभळीखाली पदराआड हसलेली ती नवरी आठवली की गडी पुन्हा उठून कामाला लागायचा. तोंडानं हे बायकोला कधी सांगितलं नाही. सांगतंय कोण? म्हणून गाणं केलं. अल्बमचा सगळा खटाटोप खरं तर त्या एका गाण्यासाठी होता. धुरपतानं सातवं गाणं ऐकावं आणि काहीतरी म्हणावं, बस.

अहो, मग सातवं लावून द्यावं तिच्यासमोर! पण नाही. बन्सीधरच्या अंगात आता कलावंत शिरला होता. त्याचं म्हणणं, अल्बम पहिल्यापासूनच ऐकायचा असतो, मधूनच ऐकला तर अपमान होतो. कुणाचा, ते तो सांगत नसे. त्यानं पहिलं गाणं लावलं की धुरपताबाई मुखड्यालाच शेण काढायला उठायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. ती कशीबशी दुसऱ्या गाण्यापर्यंत टिकायची आणि म्हणायची, "छान हाय. म्या जरा दळण टाकून येते." त्या बाईला बसणं म्हणून ठाऊकच नव्हतं. सातवं गाणं कितीतरी लांब राहिलं.

प्रकाशन मारुतीच्या पारावर झालं. पेनड्राइव्हची परडी भरली, वर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. नारळाचं पाणी उडून एक पेनड्राइव्ह भिजला, तो प्रमुख पाहुण्यांना दिला, कारण ते ऐकणार नव्हतेच. पाहुण्यांनी भाषणात रस्त्याचं खडीकरण, पीकविमा आणि तरुणांची व्यसनं हे विषय घेतले आणि शेवटी म्हणाले की बन्सीधररावांच्या पाठीशी आपण खंबीरपणे उभे आहोत. बन्सीधर मागं वळून बघायला लागला. धुरपताबाई त्या वेळी पाराच्या मागं बुंदी वाटत होती.

मग सुरू झाल्या प्रतिक्रिया. तोंडावर जो तो म्हणे, "लय झकास, बन्सीभाऊ." पण बन्सीधर काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो उलटतपासणी घ्यायचा.

"कोन्तं आवडलं?"

"सगळीच की."

"सातवं?"

"सातवं तर काय, नामीच!"

"काय हाय त्याच्यात?"

"त्याच्यात… विरह हाय."

बन्सीधर मान हलवून पुढं जायचा. नागनाथ न्हाव्यानं दुकानात पहिलं गाणं लावलं तर एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी उठून गेलं, ते अजून तसंच हिंडतंय म्हणतात. हरिओमनं ट्रॅक्टरवर दुसरं लावलं आणि त्याला वाटलं बेअरिंग गेलं. उतरून चाकाखाली वाकला, काही सापडेना, तसाच ट्रॅक्टर जिंतूरला मेकॅनिककडं नेला. मेकॅनिकनं अर्धा ट्रॅक्टर खोलला आणि शेवटी पेनड्राइव्ह उपसून हातात दिला.

समीक्षाही आली. जिंतूरचे अनंतराव, संगीताचे निवृत्त मास्तर, एका साप्ताहिकात लिहितात. त्यांनी लिहिलं: "बत्तीस जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये अवघी नऊ गाणी ठेवून गायकाने उर्वरित जागा रसिकांच्या कल्पनाशक्तीसाठी मोकळी सोडली आहे. ही मोकळी जागा या संग्रहाचे बलस्थान होय." बन्सीधरनं ते कात्रण चारदा वाचलं. स्तुती आहे की शिव्या, हे त्याला कळेना. धुरपताबाईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "मोकळी जागा हाय तर भरून टाका की."

असेच दिवस गेले असते आणि परडीतले उरलेले पेनड्राइव्ह देव्हाऱ्याखाली धूळ खात पडले असते. पण बन्सीधरच्या बांधाला बांध लावून माणिकरावांची जमीन आहे. मोठी शेती, आणि मोठ्या शेतीला डुकरांचा त्रासही मोठा. शेतात जनावरं येऊ नयेत म्हणून आजकाल लोक बॅटरीवरचे भोंगे लावतात. त्यात कुत्र्यांचं भुंकणं, फटाके, वाघाची डरकाळी असलं काहीबाही भरून मिळतं. माणिकरावांच्या भोंग्यात वाघ होता. पहिला महिनाभर डुकरं घाबरली, मग वाघ त्यांच्या ओळखीचा झाला. वाघ वर डरकाळ्या फोडायचा आणि डुकरं त्याच्याच खाली बसून ज्वारी खायची.

एक दिवस भोंग्याचा पेनड्राइव्ह खराब झाला. माणिकरावांनी आखाड्यावरच्या, म्हणजे शेतातल्या खोपटाच्या, कोनाड्यात हात घातला, प्रकाशनाला मिळालेला पेनड्राइव्ह हाताला लागला, तोच खुपसला. शेतातल्या आखाड्यावर दुसरं असतंय काय? सकाळी येऊन बघतात तर ज्वारी जशीच्या तशी. डुकरांचे माग होते, पण सगळे बाहेर जाणारे, आणि इतके खोल की पाणी साचावं. कळप येलदरीच्या दिशेनं गेला तो परत आलाच नाही. धरणाचं पाणी पोहून पलीकडं गेला असंही एक जण सांगत होता, पण तो एरवीही असंच सांगतो.

झालं. शिवारभर बोभाटा झाला. जो उठला तो बन्सीधरच्या दारात. "काका, एक कारंजं द्या." "बन्सीभाऊ, मपल्या मेव्हण्यासाठी एक ठेवा बाजूला." परडी संपली, देवगाव फाट्यावर माऊली दिवसभर पेनड्राइव्ह भरत बसला. सूर्य कलला की चारी दिशांनी बन्सीधर सुरू व्हायचा. उगवतीकडून पहिलं गाणं, मावळतीकडून पाचवं, ओढ्याच्या अंगानं चौथं, आणि मध्ये स्वतः बन्सीधर ओट्यावर गुडघ्यात मान घालून बसलेला.

आणि आता लोक खरंच ऐकायला लागले, बरं का! इतकं बारकाईनं कुण्या गायकाला कुणी ऐकलं नसेल. पारावर चर्चा झडायच्या. पहिल्याच्या मुखड्याला वानर उठतं, पर कडव्याला परत येऊन बसतं. तिसरं मोराला चालतं, हरणाला न्हाई. "चौथ्याचा दुसरा अंतरा म्हंजे औषध हाय औषध! जिथं आवाज फाटतोय ना, तितं डुक्कर हुबं राहूच शकत न्हाई." मग दोघंतिघं मिळून तो अंतरा म्हणून दाखवायचे, फाटायची जागासुद्धा न चुकता. ज्यांनी जन्मात टाळ धरला नाही त्यांना बन्सीधरची गाणी तोंडपाठ झाली. फक्त सातव्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. त्यात ढाण ढाण नव्हतं, बाकीच्या भोंग्यांच्या गोंगाटात ते गावापर्यंत पोचायचंच नाही, म्हणून सगळ्यांचा समज असा की मध्ये भोंगा जरा दम खातो.

अनंतरावांनीही दुसरा लेख लिहिला. "या गायकाचा प्रभाव मनुष्यमात्रापुरता मर्यादित राहणार नाही, असे भाकीत आम्ही प्रथमपासूनच केले होते," असं त्यात होतं. कुठं केलं होतं ते कुणालाच सापडलं नाही.

गावानं सत्कार केला. शाल, नारळ, आणि 'शेतकरीमित्र' असं लिहिलेलं सन्मानचिन्ह, त्यावर पळणाऱ्या डुकराचं चित्र. डुकराचं चित्र फार हुबेहूब होतं, बन्सीधरचा फोटो त्या मानानं पुसट. त्यानं हात जोडले, शाल घेतली, फोटोला हसला. घरी येऊन म्हशीच्या गोठ्यात गेला आणि तिथं त्याला रडू फुटलं.

"आता काय झालं?" धुरपताबाईनं विचारलं. हातात वैरण होतीच.

"मपलं गानं ऐकून जितराब पळायलंय, धुरपता. कुनी थांबावं म्हनून गायलो गं मी."

"पळंना का. ज्वारी वाचली की लोकायची," ती म्हणाली. पण वैरण टाकून ती लगेच गेली नाही, एवढं मात्र खरं. "अन् रडायचं काय त्याच्यात? शाल तर बरी हाय." मग गेली.

हे असं चाललं असताना एक दिवस माणिकराव तणतणत आले. ओट्यावर बसले नाहीत, पाणी घेतलं नाही.

"बन्सीभाऊ, तुमचा माल खराब निघाला."

"कोन्ता माल?"

"सातवं गानं! सहाव्या गान्यापर्यंत चिटपाखरू येत न्हाई. सातवं लागलं की रोही येतोय. एकच हाय, नीलगायीचा मोठा नर, घोड्यायेवढा. येतोय अन् भोंग्याजवळ हरभऱ्यात हुबा राहतोय."

"खातोय?"

"खाल्लं तर आमी समजून घेऊ हो, जनावर हाय! खात न्हाई. नुसता हुबा. कान असे टवकारून. अन् आठवं लागलं की उधळतोय. जाताना त्याच्या खुराखाली माझा हरभरा भुईसपाट. रोजचं झालंय हे."

बन्सीधर ओट्यावरून उठला. "सातवं… पुरं ऐकतोय? तिन्ही कडवे?"

"अवो, तुमाला काय सांगायलोय मी!"

"मधून जात न्हाई? एकदा बी?"

माणिकरावांनी कपाळाला हात लावला आणि ते सरळ पारावर गेले. संध्याकाळी बैठक बसली. सगळ्यांच्याच भोंग्यात सातवं गाणं होतं, त्यामुळं सगळेच घाबरलेले. आज एक रोही आलाय, उद्या कळप येईल, परवा डुकरांनाही गोडी लागेल. एकजण म्हणाला, सातवं काढूनच टाका. दुसरा म्हणाला, काढलं तर नऊची आठ होतील, त्यापेक्षा बन्सीभाऊंनी ते परत गावं, चौथ्यासारखं. "जरा फाडून गा, भाऊ. तुमाला जमतंय." तिसऱ्यानं अनंतरावांना फोन लावला. ते म्हणाले, सातवे गाणे हे या संग्रहातील एकमेव दुबळे गाणे आहे, त्यात श्रोत्याला पळवून लावण्याची शक्ती नाही. फोन स्पीकरवर होता. सगळ्यांनी माना डोलावल्या.

ठरलं असं की उद्यापर्यंत सातवं काढायचं, नाही तर तमाम गाव पेनड्राइव्ह आणून पारावर टाकेल. माऊलीलाही तसं कळवलं.

बन्सीधर घरी आला तो पार खचलेला. गाव रुसलं तर रुसू दे, त्याची त्याला फिकीर नव्हती. पण ज्या गाण्यापर्यंत धुरपता अजून पोचलीच नव्हती ते गाणं उद्या शिवारातून पुसलं जाणार होतं. घरातला एक पेनड्राइव्ह राहिला असता म्हणाल, तर घरात ती तिसऱ्या गाण्याला पोचल्याचंही त्याला आठवत नव्हतं.

"उंद्या मी त्या रोहीला बघून येतो एकदा," तो म्हणाला.

"एकटे नका जाऊ," धुरपताबाई म्हणाली. "म्या येते गोफन घेऊन. आज त्यायच्या हरभऱ्यात हाय, उंद्या आपल्यात शिरंल मेला."

धुरपताबाईची गोफण म्हणजे चेष्टा नव्हती. लांब कणसावरचा पोपट ती कणसाला धक्का न लावता उठवायची. रोहीच्या कपाळात एक दगड बसला असता तर तो पुन्हा संगीताच्या वाटेला गेला नसता.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरायला लागलं तेव्हा दोघं माणिकरावांच्या शेतात पोचली. बाकीच्यांचे भोंगे लागायच्या आधीच माणिकरावांनी आपला भोंगा चालू केला आणि ते दूर आखाड्यावर जाऊन उभे राहिले. ही दोघं बांधावर. भोंगा पहिल्यापासून सुरू झाला, क्रमानं, आणि रोही यायचा तो सातव्याला. तोवर थांबण्याशिवाय धुरपताबाईला इलाज नव्हता. इथं ना दळण, ना शेण. हातात नुसती गोफण.

पहिलं गाणं लागलं. "हे काय, हिरीत पडलंय का कोन?" तिनं विचारलं. दुसऱ्याला ती म्हणाली, हे बी ऐकलंय. तिसऱ्याला तिनं बांधावरचं गवत उपटायला घेतलं. चौथ्याला आवाज फाटला तेव्हा तिनं दचकून नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. "लय दुखत होतं का कुटं?" पाचवं आणि सहावं तिनं पदरानं कान झाकून काढलं. बन्सीधर सगळं सोसत होता. सहावं संपत आलं तसा तो ओढ्याकडं नजर लावून उभा राहिला.

मग भोंगा एकदम मऊ झाला. सातवं लागलं होतं. ओढ्याच्या बाजूनं काळसर निळं धूड झुडपं बाजूला सारत आलं, हरभऱ्यात चार पावलं टाकली आणि थांबलं. मान पुढं, कान ताठ. खरंच शेपूटसुद्धा हलवत नव्हतं.

"आला मेला," धुरपताबाई पुटपुटली. तिनं गोफणीत दगड भरला, हात डोक्यावर नेला, एक फेरा फिरवला.

"थांब," बन्सीधरनं तिचं मनगट धरलं. "गानं संपू दे. पाया पडतो तुझ्या. तेवढं संपू दे, मग मार."

ती त्याच्याकडं बघतच राहिली. नवऱ्यानं पाया पडतो म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती. आणि त्या गप्प झालेल्या घडीत भोंग्यातून ओळ आली, बसली बाभळीखाली. मग तांब्या आला. मग पदर.

धुरपताबाईचा हात सावकाश खाली आला. गोफण लोंबायला लागली आणि दगड मातीत पडला, तरी तिचं लक्ष नव्हतं. ती बांधावर बसली. आखाड्यावरून माणिकराव ओरडले, "मारा की वैनी! काय बघायलाव?" ते तिला ऐकू गेलं नाही. पलीकडं रोही उभा, अलीकडं ही बसलेली, आणि मध्ये बन्सीधर, कुणाच्या तोंडाकडं बघावं हे न कळून एकदा इकडं आणि एकदा तिकडं बघणारा. तिन्ही कडवी झाली. दोघांपैकी एकही हललं नाही.

आठवं सुरू झालं. ढाण ढाण ढाण. रोही उधळला आणि हरभरा तुडवत ओढ्यात उतरला.

"ते बंद करा आदी," धुरपताबाई म्हणाली.

बन्सीधर धावत जाऊन पेनड्राइव्ह उपसून आला. धाप लागली होती. तो तिच्यासमोर उभा राहिला, भजनात चूक झाल्यावर बुवांसमोर उभा राहायचा तसा. "कसं वाटलं?"

तिनं गोफण गुंडाळून मांडीवर ठेवली.

"ते खोटं हाय," ती म्हणाली.

"काय?"

"हसले म्हनून जे घातलंय ते. मी हसले न्हवते. मला माय आठवली होती. तिच्या हातचा तांब्या बी तसाच होता. पदरात तोंड घालून रडत होते मी. अन् तुमी समोर हुबं राहून दात काढायलेले. मला वाटलं, कसल्या मानसाच्या गळ्यात बांधली आपल्याला."

त्या हसण्यावर बन्सीधरनं सगळा संसार ओढला होता, आणि ते हसणं मुळात झालंच नव्हतं. त्याला इतकी लाज वाटली की वर बघवेना.

"मंग मला कवा सांगितलं न्हाईस?"

"तुमी कवा इचारलं?"

आखाड्यावरून माणिकरावांची पुन्हा हाक आली, "वैनी, लागला का न्हाई त्याला?"

"पर पानी गार होतं," धुरपताबाई म्हणाली. "ते खरं हाय."

बन्सीधरनं उपरण्यानं डोळे पुसले, नाक पुसलं. "मंग ती ओळ बदलतो मी. उंद्याच जातो फाट्यावर. पर तितं घालू काय?"

सूर्य टेकला होता. घरी म्हैस धारेला खोळंबली असणार, हे तिला ठाऊक होतं. तरी ती उठली नाही. थोडी बाजूला सरकली आणि शेजारच्या काटक्या, ढेकळं हातानं झाडून जागा साफ केली.

"बसा," ती म्हणाली. "सांगते."